काळ्या जमिनीतला पेरू : पावसाळी बहार ठेवावा की सोडावा?

परसदार (इंदूर), 22 फेब्रुवारी

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो आणि महूच्या पुढे मानपूरच्या वाटेवर आमची साधारण सव्वा बिघा जमीन आहे. यजमान निवृत्त झाल्यावर, पाच वर्षांपूर्वी, आम्ही तिथे पेरूची 48 झाडे पंधरा-पंधरा फुटांवर लावली. त्यांपैकी 36 सरदार जातीची आहेत आणि उरलेली 12 मोठ्या फळाच्या एका नव्या जातीची. जमीन काळी, भारी, आणि मे महिन्यात मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आहे.

झाडांची वाढ उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तर फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक फळ आतून किडलेले निघाले. वरून फळ निर्दोष दिसते. बोटाने चाचपले की एके ठिकाणी मऊ लागते, आणि नीट पाहिले तर त्या जागी टाचणी टोचावी तसे छिद्र असते. चिरल्यावर आत पांढुरक्या अळ्या वळवळतात आणि त्यांतल्या काही चक्क उडी मारतात. एका व्यापाऱ्याने पहिल्यांदा सहा क्रेट घेतले, दुसऱ्यांदा मात्र फोन उचलला नाही, आणि त्यात त्याची काही चूक होती असे मला वाटत नाही. याउलट डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा इंदूरच्या नाक्यानाक्यावर जामाच्या (इकडे पेरूला जाम म्हणतात) फोडींवर जीरावण हा चटकदार मसाला भुरभुरून विकले जाते, तेव्हा आमच्या झाडांवर प्रत्येकी दहा-बारा फळे होती. ती मात्र अवीट गोडीची होती आणि त्यांत एकही अळी नव्हती.

शिवाय सप्टेंबरमध्ये सखल कोपऱ्यातली दोन झाडे महिनाभरात उभी वाळली. आधी एका फांदीची पाने पिवळी पडली, मग ती फांदी वाळली, आणि पाहता पाहता सगळे झाड गेले. फळे झाडावरच कडक, काळपट होऊन राहिली.

आमचे एक नातेवाईक म्हणतात की सगळी बाग काढून नवी जात लावा. बागेची राखण करणारे दादा निमाडातले आहेत. ते म्हणतात की आजपासून पाणी तोडा, झाडांना तहान लावा, म्हणजे थंडीत फळ येईल. दोघेही ठामपणे सांगतात. पाणी तोडायचे असेल तर आत्ताच तोडले पाहिजे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. दादा दोन ओळींच्या मधल्या जागेत वांगी आणि टोमॅटो घेतात, आणि पडलेली फळे, पालापाचोळा, शेण असे सगळे बागेच्या कडेला खड्ड्यात टाकून आम्ही खत करतो, हेही सांगून ठेवते.

काळीमाती (सांवेर), 22 फेब्रुवारी

ताई, बाग काढू नका. तुमच्या झाडांना कोणताही रोग नाही (त्या दोन झाडांचा अपवाद सोडून), त्यांचे फक्त वेळापत्रक चुकलेले आहे.

पेरूचा स्वभाव असा आहे की तो जुन्या लाकडावर फुलत नाही. चालू हंगामात जी नवी फूट येते, तिच्या पानांच्या बेचक्यात एक किंवा दोन-तीन कळ्या येतात. म्हणजे झाडाला जेव्हा नवी फूट येईल तेव्हा फूल येईल, आणि फुलापासून साधारण चार ते पाच महिन्यांनी फळ तयार होईल. आपल्याकडे अशी फूट वर्षातून तीनदा येऊ शकते. आंब्याला मोहोर असतो त्या सुमारास, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, येतो तो आंबे बहार आणि त्याची फळे भर पावसात निघतात. मृगाच्या पावसावर जून-जुलैत येतो तो मृग बहार, त्याची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत. हस्तात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, येतो तो हस्त बहार, त्याची फळे फेब्रुवारीनंतर, पण ती थोडी असतात.

तुमच्या झाडांनी आंबे बहारात सगळी ताकद खर्च केली, म्हणून मृग बहाराला त्यांच्याजवळ काही उरले नाही. पावसाळ्यात फळाला पाणी भरपूर मिळते आणि ऊन कमी, त्यामुळे ते पाणचट होते; फळमाशीचा सुकाळही त्याच दिवसांत असतो. हिवाळ्यात फळ सावकाश पिकते, गोडी धरते, आणि थंडीमुळे माशीचा उपद्रव नगण्य होतो. तुम्ही ऑगस्टमध्ये जे फळ घेतलेत ते डिसेंबरच्या फळाच्या बदल्यात घेतलेत. झाड एकच आहे, त्याच्याकडून दोन्ही पिके भरघोस मागता येत नाहीत. तेव्हा पावसाळी बहार मनाशी सोडून द्या. फळांनी वाकलेले झाड पाहून जीव होत नाही, हे मला माहीत आहे. मी स्वतः तीन वर्षे याच मोहात काढली आहेत.

दादा म्हणतात तो ताणाचा मार्ग जुना आणि खरा आहे. पाणी तोडले की झाड पाने गाळते, विश्रांती घेते, आणि मृगाच्या पावसाबरोबर एकदम फुटते. महाराष्ट्रात पेरूचे कितीतरी बागायतदार असेच करतात.

गणेशखिंड (इंदूर), 23 फेब्रुवारी

काळीमाती यांनी बहाराचे गणित अचूक मांडले आहे. ताणाबद्दल मात्र माझे मत निराळे आहे, आणि ते तुमच्या जमिनीपुरते आहे.

ताण हलक्या, मुरमाड, उथळ जमिनीत उत्तम बसतो, कारण पाणी तोडल्यावर ती जमीन काही आठवड्यांत खरोखरच कोरडी होते. दादांच्या गावची जमीन तशी असल्यास ते आपल्या अनुभवाप्रमाणे बरोबरच सांगत आहेत. माळव्यातली खोल काळी माती वरून तडकते, परंतु हातभर खाली ओल धरून ठेवते. ज्यांच्या नावाने इंदूर पद्धतीचे कंपोस्ट जगभर ओळखले जाते, त्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला येण्यापूर्वी बिहारमधील पुसा येथे पेरू, आंबा, लिची, सीताफळ अशा आठ फळझाडांची मुळे खणून पाहिली होती. या झाडांना मुळांचे दोन मजले असतात, असे त्यांना आढळले : वरचा मजला पावसाळ्यात काम करतो आणि खालचा मजला कोरड्या दिवसांत खोलवरची ओल ओढून आणतो. आता विचार करा. तुम्ही आळ्याचे पाणी तोडलेत तर उपाशी राहतो तो वरचा मजला. खालचा आपले काम करीतच राहतो, झाड अर्धवट पाने गाळते, अर्धवट फुलते, आणि ताण बसत नाही. वर जमीन तडकते तेव्हा भेगेबरोबर बारीक मुळेही तुटतात, आणि अशी जखमी मुळे पावसाळ्यात मर रोगाला आमंत्रण देतात. ज्या बागेत दोन झाडे आधीच वाळली आहेत, तिथे मी हे करणार नाही.

तुमच्यासाठी कात्री अधिक खात्रीची आहे. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, नवतपा (मेअखेरीचे सर्वांत तापते नऊ दिवस) लागण्याच्या आधी, चालू हंगामातली प्रत्येक फूट साधारण अर्ध्यावर छाटावी. फूट ओळखणे सोपे आहे : पेरूची कोवळी डहाळी गोल नसते, चौकोनी असते, दोन बोटांत धरून फिरवली की कडा लागतात, जुनी झाली की ती गोल आणि तपकिरी होते. चौकोनी भाग अर्धा काढायचा, त्याबरोबर फुले आणि हरभऱ्याएवढी फळेही जातात. छाटणीनंतर पाणी द्यावे, तोडू नये. दोन-तीन आठवड्यांत उरलेल्या डोळ्यांतून फूट येते आणि तिच्याबरोबर कळी. अंगठ्याहून जाड फांदी कापावी लागली तर त्या जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी, आणि उघड्या पडलेल्या खोडाला चुना, नाहीतर मेचे ऊन साल भाजून काढते.

काही जण एप्रिलमध्ये झाड ऐन फुलात असताना युरियाचे दहा टक्क्यांचे द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्यात एक किलो, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारतात. त्याने फुले आणि पाने दोन्ही गळतात. ते परिणामकारक आहे, पण 46 झाडांसाठी मी कात्रीच पसंत करीन.

जाता जाता एक गोष्ट. तुमच्या सरदार जातीला अनेक ठिकाणी लखनौ 49 म्हणतात, परंतु तिची निवड 1927 साली पुण्यात, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रावर डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून केली. मी मूळचा त्याच भागातला असल्याने हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जात चांगलीच आहे, आडवी पसरते, भरपूर फळते. ती काढून टाकण्याचे काहीही कारण नाही.

काळीमाती (सांवेर), 23 फेब्रुवारी

माझी जमीन नदीकाठची, वाळूमिश्रित आहे, हे सांगायचे मी विसरलो. तिथे ताण बसतो. खोल काळ्या जमिनीबद्दल गणेशखिंड यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. ताई, वाद मिटवण्याचा एक सोपा उपाय सांगतो : दहा दिवस पाणी देऊ नका, मग दोन झाडांच्या मधोमध फावड्याने दीड-दोन फूट खणा आणि तळाची माती मुठीत दाबून पाहा.

निवृत्त माळी (महू), 24 फेब्रुवारी

त्या दोन झाडांविषयी लिहितो, कारण मला त्यांचीच अधिक काळजी वाटते.

वर्णनावरून तो मर रोग आहे. मुख्यतः फ्युझेरियम नावाची जमिनीतली बुरशी मुळांवाटे शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. हा रोग आपल्या देशात प्रथम 1935 साली अलाहाबादकडे नोंदला गेला आणि त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. वाळू लागलेल्या झाडाच्या बुडाशी बुरशीनाशक ओतून ते झाड परत आलेले मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलेले नाही. म्हणून पैसे वाळलेल्या झाडावर न घालता शेजारच्या निरोगी झाडांवर घालावेत.

सखल कोपरा, काळी माती, सप्टेंबर : सगळी लक्षणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, ती म्हणजे पाणी साचणे. इंदूरला वर्षाकाठी 900 ते 950 मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाऊस सुरू होण्याआधी त्या कोपऱ्यातून उताराच्या दिशेने हातभर खोल चर काढा. झाडांची आळी खोलगट असतील तर ती बुजवून खोडाजवळ मातीचा उंचवटा करा आणि पाण्याचे कडे बाहेर, पानांच्या घेराखाली न्या. खोडाला पाणी टेकता कामा नये. खोल कुदळणी बंद करा, कारण प्रत्येक तुटलेले मूळ म्हणजे उघडे दार असते.

आता वांगी आणि टोमॅटो. कृपया वाळलेल्या झाडाचे एक मूळ उपटून धुऊन पाहा. त्यावर हळकुंडासारख्या गाठी दिसल्या तर तुमच्याकडे सूत्रकृमीही (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) आहेत. गेल्या काही वर्षांत ते रोपवाटिकांमधल्या रोपांबरोबर बागांत शिरले आहेत, आणि ते मुळांना जखमा करतात म्हणून मर अधिक वेगाने होते. वांगी, टोमॅटो, भेंडी ही त्यांची आवडती पिके आहेत. ती तिथे घेणे म्हणजे चोराला जेवू घालणे. त्याऐवजी झेंडू लावा, दादांना दसऱ्या-दिवाळीला चार पैसेही मिळतील. निंबोळी पेंड आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) पावसाच्या तोंडावर सगळ्या झाडांना द्या.

वाळलेली झाडे मुळांसकट काढून जाळा आणि त्या खड्ड्यांत पुन्हा पेरू लावू नका.

जीरावण (इंदूर), 24 फेब्रुवारी

सर्वांनी मोठ्या गोष्टी सांगितल्या, मला फक्त खताच्या खड्ड्याविषयी लिहायचे आहे. किडकी फळे तुम्ही बागेच्या कडेच्या खड्ड्यात टाकता असे लिहिले आहे. ताई, तो खताचा खड्डा नाही, फळमाशीचे माहेर आहे. पडलेल्या फळातली अळी पूर्ण वाढली की फळाबाहेर उडी मारते, जमिनीत दोन-चार बोटे शिरून कोष करते, आणि आठ-पंधरा दिवसांत नवी माशी होऊन तुमच्याच झाडावर येते.

हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या वनस्पती संस्थेत जी खतपद्धत बसवली, तिच्यात ढीग ठरावीक दिवसांनी तीनदा पालटतात आणि तीन महिन्यांत खत होते. तो ढीग आतून चांगला तापतो. नुसत्या टाकून दिलेल्या खड्ड्याची कड मात्र थंडच राहते. म्हणून किडकी फळे रोजच्या रोज वेचून जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत, किंवा दोन फूट खोल पुरावीत. मिथाइल युजेनॉलचे सापळे जरूर लावा, पण त्यांत फक्त नर अडकतात; अंडी घालणारी मादी मोकळीच असते, त्यामुळे सापळा लावून वेचणी सोडून दिली तर उपयोग नाही. मोठ्या फळाच्या 12 झाडांवर एका फांदीला मोजकी फळे ठेवून बाकीची काढा आणि लिंबाएवढी झाली की जाळी व पिशवी चढवा.

परसदार (इंदूर), 7 मार्च

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दहा दिवस पाणी दिले नाही आणि काल दादांनी दोन ठिकाणी खणले. वरची वीतभर माती वाळून ढेकळे झाली होती. दीड फुटावरच्या मातीचा मात्र मुठीत लाडू वळला, आणि तो लाडू टाकल्यावर हाताला ओल राहिली. दादा काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की आमच्या गावी इथपर्यंत खाली मुरूमच लागतो. तरीही त्यांच्या समाधानासाठी वरच्या अंगाची सहा झाडे ताणावर सोडली आहेत.

वाळलेल्या एका झाडाच्या मुळांवर गाठी आहेत, दुसऱ्याच्या नाहीत. वांगी उपटली. खड्ड्याचे काय करावे ते मात्र कळत नाही, तो अर्धा भरलेला आहे.

जीरावण (इंदूर), 7 मार्च

त्यावर वीतभर माती घालून दाबून टाका आणि ताडपत्री झाकून कडांना दगड ठेवा. पावसाळ्याआधी तो उघडू नका.

परसदार (इंदूर), 19 डिसेंबर

पुष्कळ महिन्यांनी लिहीत आहे. 3 ते 8 मे या दिवसांत आम्ही 28 सरदार छाटले. पहिल्या दिवशी फुलांनी भरलेली डहाळी कापताना यजमान बागेतून उठून गाडीत जाऊन बसले, हे लिहायला हरकत नाही. मेच्या अखेरीस फूट आली, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कळी दिसली, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फळे तोडत आहोत. अळीचे फळ अगदी क्वचित निघते. गेल्या वर्षीच्या व्यापाऱ्याने या वेळी स्वतः फोन केला.

ताणावर सोडलेल्या सहा झाडांपैकी दोन बऱ्यापैकी फळली. चार झाडांवर पावसाळ्यातही थोडे आणि आताही थोडे, असे झाले. चर काढूनही सखल कोपऱ्यातले आणखी एक झाड ऑगस्टमध्ये गेले. झेंडू मात्र चांगला झाला.

आता नवी शंका अशी की गेल्या आठवड्यापासून वरच्या अंगाच्या झाडांची पाने तांबडी-जांभळी दिसू लागली आहेत. हाही मर रोग आहे का?

निवृत्त माळी (महू), 19 डिसेंबर

मर रोगात पाने पिवळी पडून मरगळतात आणि सुरुवात एखाद्या फांदीपासून होते. तुमची पाने ताठ असतील आणि तांबडेपणा सगळ्या झाडभर, विशेषतः उघड्या बाजूला असेल, तर तो रात्रीच्या थंडीचा परिणाम आहे. फेब्रुवारीत नवी पाने हिरवीच येतील. रंगाबरोबर पानांचा आकारही बारीक आणि निमुळता झाला असेल तर जस्ताची कमतरता समजावी, आणि मग झिंक सल्फेट व चुना एकत्र करून फवारावे. एक पान तोडून जुन्या पानाशेजारी ठेवून पाहा आणि कळवा.

परसदार (इंदूर), 20 डिसेंबर

ठेवून पाहिले. आकार सारखाच आहे.